वाचकांचे प्रश्न : ‘कृपया वैध ईमेल पत्ता लिहा’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच आहे : डोमेनचे एक्स्टेन्शन नेहमीचे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ नसेल, तर त्यावरचा ईमेल पत्ता संकेतस्थळे स्वीकारतात का आणि ते तपासायचे कसे. ही पत्रे थोडी संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत. पत्रांतील कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा छायाचित्रणाचा व्यवसाय असून मी स्वतःच्या नावाचे डोमेन ‘डॉट फोटोग्राफी’ या एक्स्टेन्शनसह घेतले आहे. त्यावरचा ईमेल सुरळीत चालतो. ग्राहकांची पत्रे येतात आणि माझी त्यांना पोहोचतात. मात्र एका विमा कंपनीच्या आणि कॅमेऱ्याचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर हा पत्ता लिहिला की ‘कृपया वैध ईमेल पत्ता लिहा’ असा लाल अक्षरांतला संदेश येतो. डोमेन विकणाऱ्याला विचारले तर ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. दोष नेमका कोणाचा समजायचा?
— एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : दोष त्या दोन संकेतस्थळांचा आहे. आपला पत्ता वैध आहे याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे, कारण त्यावर ईमेल येतात आणि त्यावरून जातात. पत्ता अस्तित्वात आहे की नाही हे डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे इंटरनेटवरील डोमेन नावांची नोंदवही, आणि ईमेल सर्व्हर ठरवतात. फॉर्ममधली तपासणी हा तो फॉर्म बनवणाऱ्याने बांधलेला अंदाज असतो, आणि या दोन ठिकाणी तो अंदाज फार जुना आहे.

किती जुना, हे पाहण्यासारखे आहे. १९८५ च्या सुमारास कॉम, नेट, ऑर्ग, एज्यु ही जी सर्वसाधारण एक्स्टेन्शने वापरात आली ती रोमन लिपीत तीन अक्षरांची होती आणि देशांची एक्स्टेन्शने दोन अक्षरांची, त्यामुळे ‘शेवटच्या टिंबानंतर दोन किंवा तीन अक्षरे’ असा नियम लिहिणाऱ्या डेव्हलपरला कित्येक वर्षे कोणी हटकले नाही. २००१ मध्ये डॉट इन्फो आले तेव्हा अनेकांनी तिनाचे चार केले. परंतु त्याच फेरीत संग्रहालयांसाठी डॉट म्युझियम हे सहा अक्षरी एक्स्टेन्शनही मंजूर झाले होते, म्हणजे चारची मर्यादा लिहिली गेली त्या दिवशीच ती चुकीची होती. पुढे डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शनांसाठी अर्ज मागवले, १,९३० अर्ज आले, आणि २३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांतली पहिली चार एक्स्टेन्शने इंटरनेटच्या मूळ यादीत दाखल झाली. त्या चारांपैकी एकही रोमन लिपीत नव्हते : एक अरबी, दोन रशियन आणि एक चिनी. आपले डॉट फोटोग्राफी २०१४ पासून सर्वांना नोंदवता येऊ लागले. आज मूळ यादीत १,४०० हून अधिक एक्स्टेन्शने आहेत. रोमन लिपीतली सर्वांत लांब १८ अक्षरांची आहेत आणि तांत्रिक मर्यादा ६३ ची आहे. आपल्याकडच्या स्टेट बँकेने डॉट एसबीआय आणि टाटा मोटर्सने डॉट टाटामोटर्स ही एक्स्टेन्शने याच फेरीत मिळवली, तेव्हा हा प्रकार दूरदेशीच्या हौशी लोकांपुरता आहे असे म्हणायला जागा नाही.

मग जुना नियम टिकतो कसा? पत्त्याचा साचा तपासण्यासाठी डेव्हलपर जे लहानसे सूत्र वापरतात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ते सहसा कोणी नव्याने लिहीत नाही. आधीच्या प्रकल्पातून उचलून पुढच्या प्रकल्पात चिकटवले जाते. ज्यांचे पत्ते डॉट कॉमचे आहेत अशा लाखो लोकांचे त्यावाचून काही अडत नाही, आणि ज्याचे अडते तो ग्राहक बहुधा तक्रार न करता दुसरा पत्ता लिहून मोकळा होतो. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत ही चूक कधी उमटतच नाही.

आपण तक्रार कराच, मात्र ‘माझा ईमेल चालत नाही’ असे लिहू नका, कारण त्याला ‘आपल्या ईमेल सेवेशी संपर्क साधा’ हे ठरलेले उत्तर येईल. असे लिहा : ‘आपल्या नोंदणी फॉर्ममधील ईमेलचा रकाना अकरा अक्षरी एक्स्टेन्शन असलेला चालू पत्ता नाकारतो, एक्स्टेन्शनांची नोंद ठेवणाऱ्या आयाना या संस्थेच्या अधिकृत यादीत हे एक्स्टेन्शन आहे, कृपया हे पत्र संकेतस्थळाच्या तांत्रिक विभागाकडे पाठवावे.’ सोबत संदेशाचा स्क्रीनशॉट आणि ब्राउझरचे नाव द्या. त्याच कंपनीचे मोबाइल ॲप असेल तर तिथेही पत्ता लिहून पाहा. ॲप आणि संकेतस्थळ यांच्या तपासण्या अनेकदा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या असतात, आणि एक स्वीकारतो व दुसरा नाकारतो हे दाखवून दिले की तक्रारीला वजन येते. तोवर विम्यासाठी दुसरा पत्ता द्यावाच लागला, तर रोज उघडला जाणारा पत्ता द्या. हप्त्याची सूचना विसरलेल्या पेटीत जाऊन पडायला नको.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. आमच्या ग्राहकाचे संकेतस्थळ नव्या एक्स्टेन्शनांचे ईमेल पत्ते स्वीकारते का, हे तपासून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी पन्नासेक काल्पनिक पत्ते तयार करून नोंदणीच्या फॉर्ममध्ये टाकून पाहिले आणि बहुतेक स्वीकारले गेले. एवढे पुरेसे आहे का? नसल्यास चाचणी कशी आखावी?
— एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : पुरेसे नाही. आपल्या चाचणीतून एवढेच सिद्ध झाले की त्या फॉर्मने ते पत्ते अडवले नाहीत. पत्ता ‘स्वीकारला’ असे म्हणण्यासाठी त्याची शहानिशा, साठवण, त्यावर ईमेल पाठवणे आणि तो पुन्हा पडद्यावर जसाच्या तसा दाखवणे हे सगळे नीट व्हावे लागते. युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स स्टीअरिंग ग्रुप हा गट २०१५ पासून याच विषयावर काम करतो आणि स्वीकारणे, तपासणे, साठवणे, प्रक्रिया करणे व दाखवणे अशा पाच क्रियांत तो हा विषय मांडतो. आपल्या अहवालाचे रकानेही याच पाच क्रियांचे ठेवावेत असे मी सुचवीन.

पन्नास काल्पनिक पत्त्यांपेक्षा सहा-सात खरे पत्ते अधिक उपयोगी पडतील. खरे म्हणजे ज्यांची डोमेने आपल्या कंपनीने स्वतः नोंदवली आहेत आणि ज्यांच्या पेट्या आपल्याला उघडता येतात असे. काल्पनिक पत्त्यावर पडताळणीचे पत्र पोहोचले की नाही हे कळण्याचा मार्गच नसतो. शिवाय आपण सहज म्हणून लिहिलेले डोमेन खरोखर कोणाचे तरी असू शकते आणि त्या अनोळखी माणसाच्या पेटीत आपल्या ग्राहकाची पत्रे जाऊन पडू लागतात. कोडच्या अंतर्गत चाचण्यांसाठी १९९९ मध्येच ‘डॉट टेस्ट’, ‘डॉट एक्झाम्पल’ आणि ‘डॉट इनव्हॅलिड’ ही नावे राखून ठेवलेली आहेत. ती तिथे वापरावीत. मात्र चालत्या संकेतस्थळाने ती नाकारली तर ती चूक धरू नये, कारण ती खऱ्या इंटरनेटवर कधी चालणारच नाहीत.

पत्त्यांची निवड करताना पहिला पत्ता साध्या डॉट कॉमचा असावा. तोच नाकारला गेला तर अडचण दुसरीकडे आहे आणि त्या दिवशीचे बाकीचे निकाल बाद समजावेत. दुसरा पत्ता छोट्या नव्या एक्स्टेन्शनचा घ्यावा. इथे डॉट ॲपसारखे प्रतिष्ठा बरी असलेले एक्स्टेन्शन निवडावे आणि डॉट एक्सवायझेड किंवा डॉट टॉप एकटे घेऊ नये, कारण ती काही संकेतस्थळे स्पॅमच्या भीतीने मुद्दाम अडवतात आणि मग नकार अज्ञानाचा की धोरणाचा हे उलगडत नाही. तिसरा पत्ता लांब एक्स्टेन्शनचा असावा : फोटोग्राफी अकरा अक्षरांचे, इंटरनॅशनल तेरा अक्षरांचे. छोटे नवे एक्स्टेन्शन चालते आणि लांब चालत नाही असा निकाल वारंवार दिसतो, आणि तो दिसला की अक्षरमर्यादेचे जुने सूत्र कुठेतरी शिल्लक आहे असे खुशाल समजावे.

यापुढे रोमनेतर लिपीतले पत्ते येतात. ॲट चिन्हाच्या आधीचा भाग रोमन आणि नंतरचा देवनागरी, असा चौथा पत्ता घ्यावा. पाचवा तोच पत्ता, पण त्याच्या सांकेतिक रूपात. देवनागरी किंवा इतर लिपीतले डोमेन डोमेन नेम सिस्टिममध्ये ‘प्युनीकोड’ या पद्धतीने रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा यांत रूपांतरित होऊन साठते आणि त्याची सुरुवात ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन जोडरेषांनी होते. ‘भारत’ या एक्स्टेन्शनच्या सांकेतिक रूपात २ आणि ९ हे दोन अंकही आहेत. ज्या सूत्राने ‘एक्स्टेन्शनमध्ये फक्त ए ते झेड’ असे ठरवले आहे ते इथे कोसळते, आणि म्हणून हा पाचवा पत्ता अनेक टेस्टर वगळतात तसा वगळू नये. सहावा पत्ता दोन्ही बाजूंनी देवनागरी असावा. ग्राहकाचा व्यवसाय त्या भागात असेल तर उर्दू किंवा अरबीतला सातवा पत्ता घ्यावा, कारण उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत पत्ता साठतो बरोबर, पण पडद्यावर त्याचे तुकडे उलटसुलट क्रमाने दिसतात असा प्रकार घडतो.

आता हे पत्ते टाकायचे कुठे? नोंदणीच्या फॉर्मवर सर्वांचे लक्ष असते, म्हणून तो बहुधा आधी दुरुस्त होतो. लॉगिन, ‘पासवर्ड विसरलात?’, माहिती बदलण्याचे पान, बातमीपत्राची वर्गणी, बिलाची पीडीएफ, ग्राहक सेवेतल्या माणसासमोरचा पडदा, एक्सेलमधून एकगठ्ठा नावे आत घेण्याची सोय, या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र तपासणी असू शकते. माझ्या मते सर्वांत गंभीर दोष नोंदणीत पत्ता घेऊन लॉगिनमध्ये किंवा पासवर्ड बदलताना तोच पत्ता नाकारणे हा आहे. सुरुवातीलाच नाकारलेला माणूस दुसरा पत्ता देतो. इथे मात्र त्याचे पैसे, त्याच्या ऑर्डरी आणि त्याची कागदपत्रे आत अडकलेली असतात आणि दार बंद होते. अहवालात या दोषाला वेगळा, वरचा क्रमांक द्या.

नकार कोणत्या थरातून आला तेही नोंदवावे. बटण दाबण्याआधीच, नेटवर्कवर काहीही न जाता, संदेश आला तर तपासणी ब्राउझरमधली आहे. विनंती सर्व्हरकडे जाऊन परत आली तर सर्व्हरमधली. आणि पत्ता स्वीकारला जाऊन पडताळणीचे पत्रच आले नाही, तर ईमेल पाठवणारी बाहेरची सेवा तो गिळते आहे का ते पाहावे. शेवटच्या बाबतीत स्पॅमची पेटी उघडून पाहणे आणि थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे, कारण काही सर्व्हर अनोळखी प्रेषकाचे पहिले पत्र मुद्दाम उशिरा घेतात. ब्राउझरच्या तयार ईमेल रकान्यावर विसंबून राहणाऱ्यांसाठी एक सूचना : त्या रकान्याचा प्रमाण नियम प्रत्यक्ष ईमेलच्या नियमाशी मुद्दाम विसंगत ठेवलेला आहे. तो एकही टिंब नसलेले डोमेन मान्य करतो आणि ॲटच्या आधी देवनागरी आली की, अनेक वर्षे, नाकारत आला आहे. सहावा पत्ता स्वीकारायचा असेल तर साधा मजकुराचा रकाना वापरून तपासणी स्वतः लिहावी लागते.

उलट बाजूची चाचणी विसरू नये. ॲट चिन्ह नसलेला, सलग दोन टिंबे असलेला, अस्तित्वात नसलेल्या एक्स्टेन्शनचा पत्ता नाकारला जायला हवा. पत्त्याच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा मात्र निमूटपणे काढून टाकायला हवी. डॉट सीओ लिहिणाऱ्याला ‘आपल्याला डॉट कॉम म्हणायचे आहे का?’ असे विचारणारी सोय काही संकेतस्थळांवर असते. विचारायला हरकत नाही. पत्ता परस्पर बदलला तर तो दोष आहे.

डेव्हलपर आपल्याला विचारील की मग योग्य तपासणी कोणती. आयाना ही संस्था चालू एक्स्टेन्शनांची साधी मजकूर यादी प्रसिद्ध करते आणि ती नियमितपणे अद्ययावत होते. ती रोज आपोआप उतरवून घेत असाल तर तिच्याशी ताडून पाहणे योग्य आहे. एकदा उतरवून कोडमध्ये पुरून ठेवलेली यादी मात्र अक्षरमर्यादेइतकीच लवकर शिळी होते, कारण नवी एक्स्टेन्शने येतात तशी काही जुनी बंदही होतात, आणि आयकॅनने अर्जांची पुढची फेरी २०२६ साठी जाहीर केलेली आहे. यादी सांभाळण्याची तयारी नसेल तर फॉर्ममध्ये ॲट चिन्ह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर एवढेच पाहावे आणि बाकीचा निर्णय पडताळणीच्या पत्रावर सोडावा. पत्र मिळाल्याशिवाय पत्ता खरा मानायचा नसेल, तर फॉर्मने दारातच इतकी उलटतपासणी करण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी आम्ही ‘डॉट भारत’चे डोमेन आणि त्यावर पूर्णपणे मराठीतला ईमेल पत्ता घेतला. सभासदांना त्याचे फार कौतुक आहे. परंतु पुस्तक वितरकांच्या संकेतस्थळांवर तो चालत नाही आणि एका ठिकाणी तर पत्त्याऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली. आम्ही चुकीची गोष्ट विकत घेतली का?
— एका ग्रंथालयाचे कार्यवाह, रत्नागिरी

उत्तर : चुकीची नाही, मात्र तिच्यासाठी रस्ता अजून सगळीकडे तयार झालेला नाही. देवनागरीतले ‘डॉट भारत’ हे एक्स्टेन्शन निक्सी या संस्थेने ऑगस्ट २०१४ मध्ये खुले केले आणि ते मराठी, हिंदी, कोंकणी यांसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी आहे. डोमेनचा भाग वर सांगितलेल्या सांकेतिक रूपात बदलता येत असल्याने जुन्या व्यवस्थाही तो कसाबसा हाताळतात. ॲटच्या आधीच्या भागाला मात्र असे कोणतेही अधिकृत रोमन रूप नाही. तो देवनागरीतच नेण्यासाठी ईमेलच्या प्रमाणकात २०१२ मध्ये वेगळी भर घातली गेली, आणि पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते त्या प्रत्येकाने ‘मला हे समजते’ असे आधी सांगावे लागते. एकानेही नाही म्हटले तर पत्र परत येते. जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय २०१४ मध्ये केली, पोस्टफिक्स या फार वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये ती २०१५ मध्ये आली. वितरकाच्या दहा वर्षांपूर्वी बसवून विसरलेल्या व्यवस्थेत ती नसणार. प्रश्नचिन्हांची रांग दिसली त्या ठिकाणी फॉर्मने पत्ता घेतला, पण ज्या डेटाबेसमध्ये तो गेला तो फक्त रोमन अक्षरांसाठी आखलेला होता. तिथे मूळ अक्षरे कायमची नष्ट झालेली असतात, म्हणून त्या वितरकाला नुसता पडदा सुधारण्यास न सांगता पत्ता नव्याने भरून घेण्यास सांगावे.

देवनागरीच्या काही अडचणी इंग्रजी जाणणाऱ्या डेव्हलपरला सुचतही नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, क, म, ल ही ‘अक्षरे’ या वर्गात येतात, तर काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात. ‘सर्व भाषांची अक्षरे चालतील’ असे उदार मनाने लिहिलेले सूत्र म्हणून ‘कमल’ स्वीकारते आणि ‘ग्रंथालय’ नाकारते. चाचणी करणाऱ्याने एकट्या ‘कमल’वर समाधान मानले तर संकेतस्थळ मराठीला तयार आहे असा दाखला मिळतो आणि प्रत्यक्षात मराठीतली बहुतेक नावे बाहेर राहतात. लांबीचेही तसेच आहे. ॲटच्या आधीच्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एक बाइट घेते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर वा चिन्ह तीन. ‘ग्रंथालय’ डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, पण त्यात आठ घटक आहेत आणि ते २४ बाइट घेते. ‘सार्वजनिकग्रंथालयरत्नागिरी’ असा पत्ता घ्यायचा म्हटला तर तो ७८ बाइटचा होऊन नियमातच बसत नाही. आपण छोटे नाव निवडले असेल तर ते योग्यच झाले.

आणखी एक गोष्ट सभासदांना सांगून ठेवावी लागेल. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी लेखने आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करण्याची क्रियाही, त्यांना एक करत नाही. ‘ऱ’ आणि नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेला ‘र’ यांना प्रमाणीकरण एक करते. ‘तऱ्हा’ किंवा ‘सुऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ काही कळफलक ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक असा लिहितात, तो मात्र वेगळाच राहतो. पत्त्यात अशी अक्षरे असतील तर काही सभासदांची पत्रे विनाकारण परत येतील. शक्य असल्यास ती टाळावीत.

सध्यापुरता व्यवहारी मार्ग असा : आपल्या ईमेल सेवेकडे त्याच पेटीला जोडलेला एक रोमन उपपत्ता मागून घ्या, मराठी पत्ते देणाऱ्या सेवा सहसा तो देतात. वितरकांच्या फॉर्मवर उपपत्ता लिहा. ग्रंथालयाच्या फलकावर, पत्रशीर्षावर आणि सभासदांच्या ओळखपत्रांवर मराठी पत्ताच ठेवा. तो काढून टाकण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेचे संकेतस्थळ आणि ईमेल रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ‘डॉट बँक डॉट इन’वर गेले. त्यानंतर काही पुरवठादारांच्या पोर्टलवर आमच्या अधिकाऱ्यांचे पत्ते नाकारले जात आहेत. हेही नव्या एक्स्टेन्शनमुळे होते आहे का?
— एक बँक अधिकारी, सांगली

उत्तर : आपले एक्स्टेन्शन तांत्रिकदृष्ट्या जुनेच, म्हणजे डॉट इन, आहे, ‘बँक’ हा त्याच्या आधीचा थर आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही घोषणा केली, एप्रिलमध्ये परिपत्रक काढले, नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे दिले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. त्यामुळे अक्षरमर्यादेचे सूत्र आपल्याला सहसा अडवणार नाही. काही पोर्टलांनी मात्र डॉट इनच्या आधी ‘सीओ’, ‘जीओव्ही’, ‘एसी’ अशी मोजकीच नावे चालतील अशी यादी स्वतःच बनवलेली असते आणि त्या यादीत ‘बँक’ नसते. दुसरी शक्यता अशी की पोर्टलने आपल्या बँकेचे जुने डोमेनच ‘मान्य’ म्हणून नोंदवून ठेवले आहे आणि नवे डोमेन तिथे कोणी घातलेले नाही. ही दुसरी अडचण एका फोनवर सुटते, म्हणून आधी तीच विचारा. जुन्या डोमेनवर येणारी पत्रे नव्या पेट्यांकडे वळवण्याची सोय लवकर बंद करू नका आणि जुन्या डोमेनचे नूतनीकरण चुकवू नका. बँकेचे सोडून दिलेले डोमेन दुसऱ्या कोणाच्या हाती जाणे हा फॉर्मच्या नकारापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

प्रश्न : माझे मसाल्यांचे ऑनलाइन दुकान आहे. खोट्या नोंदण्या फार होऊ लागल्या म्हणून आमच्या डेव्हलपरने डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग अशी आठ-दहा एक्स्टेन्शने सोडून बाकी सर्व बंद केली. खोट्या नोंदण्या कमी झाल्या, पण परदेशातल्या दोन मराठी ग्राहकांनी ‘आमचा पत्ता चालत नाही’ असे कळवले. डेव्हलपर म्हणतो, एवढे सोसावे लागते. हे बरोबर आहे का?
— एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर : डेव्हलपरची भीती निराधार नाही. काही नवी एक्स्टेन्शने पहिल्या वर्षी फार स्वस्तात मिळतात, खोटे धंदे करणारे ती घाऊक विकत घेतात आणि टाकून देतात, त्यामुळे त्या एक्स्टेन्शनांची बदनामी झालेली आहे. परंतु गुगलच्या पालक कंपनीने, अल्फाबेटने, २०१५ मध्ये आपले मुख्य संकेतस्थळ डॉट एक्सवायझेडवरच थाटले, आणि उलट खोट्या नोंदण्यांसाठी डॉट कॉमचे फुकट पत्तेही भरपूर वापरले जातात. एक्स्टेन्शन पाहून माणूस ओळखण्याची ही पद्धत दोन्ही बाजूंनी चुकते. ज्यांनी कळवले ते दोन ग्राहक आपल्याला समजले. न कळवता निघून गेलेले समजणार नाहीत.

नोंदणीनंतर पडताळणीचे पत्र पाठवून दुवा उघडल्याशिवाय खाते चालू न करणे, एकाच ठिकाणाहून थोड्या वेळात होणाऱ्या नोंदण्यांवर मर्यादा घालणे, आणि गैरवापरासाठी ज्ञात असलेली नेमकी डोमेने, संपूर्ण एक्स्टेन्शन नव्हे, अडवणे या तीन उपायांनी आपले बहुतेक काम होईल. डोमेनला ईमेल सर्व्हरची नोंद, म्हणजे एमएक्स रेकॉर्ड, आहे का हे पाहण्याचाही सल्ला दिला जातो आणि तो चांगला आहे, पण नियमानुसार ती नोंद नसली तरी डोमेनच्या मूळ पत्त्यावर ईमेल नेण्याचा प्रयत्न केला जातो, म्हणून नोंद नाही एवढ्यावरून पत्ता खोटा ठरवू नये. ‘या डोमेनवर ईमेल घेतला जात नाही’ असे स्पष्ट सांगणारी वेगळी नोंद २०१५ पासून उपलब्ध आहे. ती आढळली तर मात्र खुशाल नाकारावे.

काही एक्स्टेन्शने तरीही बंदच ठेवायची असतील तर ठेवा, दुकान आपले आहे. फक्त त्या वेळी ग्राहकाला दिसणारा संदेश ‘पत्ता वैध नाही’ असा नसावा. ‘या एक्स्टेन्शनवरचे पत्ते आम्ही सध्या घेत नाही, कृपया दुसरा पत्ता द्या किंवा आम्हाला फोन करा’ असे लिहा, आणि त्याखाली उचलला जाणारा फोन क्रमांक द्या.